दिसतं तेवढंच

"डोळा मिचकावू नका, बाई," खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला, आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. मी पेन्शनच्या कचेरीत होते. वर्षातून एकदा इथे येऊन आपण अजून मेलेलो नाही हे दाखवावं लागतं. पूर्वी सही चालायची, मग अंगठा आला, आणि आता ज्यांचे ठसे झिजलेत अशा म्हाताऱ्यांसाठी डोळ्याचं यंत्र आणलंय. माझे ठसे पस्तीस वर्षं स्पिरिटने हात धुऊन धुऊन केव्हाच गेले. काळ्या डबीला डोळा लावून मी ताटकळत उभी, मागे वीस माणसांची रांग, आणि पर्समध्ये फोन कोकलतोय. शेवटी यंत्राने हिरवा दिवा दाखवला, म्हणजे सरकारदरबारी मी आणखी एक वर्ष जिवंत. फोन ताईचा होता.

"ठके, कुठेयस? आधी ऐकून घे, मग ओरड. मी काल तुझ्या कंपनीत आले."

"माझ्या कुठल्या कंपनीत?"

"अगं, त्या पेशींच्या. इंजेक्शनं घेतली डोळ्यांत. अजून इथेच आहे, रात्री ठेवून घेतलं त्यांनी. चार वाजता पट्ट्या काढणारेत. म्हटलं, तेव्हा तू समोर हवीस. पहिलं तुझंच थोबाड बघेन म्हणते, काय करणार, दुसरं आहे कोण मला?"

"ताई, कुठल्या डोळ्यात घेतलंस?"

"दोन्ही. एकदाच काय ती कटकट मिटली."

कारकून म्हणाला, "झालं तुमचं, सरका." मी सरकले नाही. मागच्या बाईने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे सरकले आणि भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसले. ताई बोलतच होती. शेजारीणबाईंनी गाडीने आणून सोडलं, इथली माणसं किती गोड बोलतात, पेशींसाठी पोटातून चरबी काढली तेव्हा काही कळलंसुद्धा नाही, तेवढीच बारीक झाले, असं म्हणून ती हसली. मी विचारलं, दुखतंय का. "ठणकतंय गं. डावा जरा जास्तच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण त्या समुपदेशक बाई म्हणाल्या, ठणकणारच, पेशी रुजतायत आत." पेशी रुजत नाहीत. पेशी म्हणजे काय कुंडीतलं रोप आहे? उभा जन्म मी पेशी वाढवण्यात घालवला, काचेच्या बश्यांत, सदतीस अंशांच्या कपाटात, आणि एवढं मला नक्की ठाऊक आहे की एका रात्रीत डोळा असा ठणकतो तो आतला दाब वाढल्यामुळे. पण हे तिला फोनवर काय सांगणार? "निघालेच," एवढंच म्हणाले.

टॅक्सीत बसल्याबसल्या मी डोळेवाल्यांना फोन लावला. कंपनीच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळावर आम्ही पाच जण होतो. पाचही आपापल्या विषयातले पिकले केस. एकमेकांना नावाने हाक मारण्याइतकी सलगी कधी झालीच नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना हृदयवाले, आकडेवाले, कायदेवाले, डोळेवाले अशी नावं देऊन टाकली होती. मी पेशीवाली. डोळेवाले हे एकटेच खरे नेत्रतज्ज्ञ, आणि तेच गेल्या वर्षी मंडळ सोडून गेले. त्यांच्या निरोपाचं पत्र मीच लिहिलं होतं, 'आपली उणीव सदैव भासत राहील' वगैरे. आता ते एका मोठ्या रुग्णालयात अधूनमधून बसतात. मी त्यांना सगळं एका दमात सांगितलं.

"दोन्ही?" ते म्हणाले. "एकाच दिवशी?"

"हो."

"अहो, मोतीबिंदूसुद्धा आम्ही दोन्ही डोळ्यांचे एका दिवशी काढत नाही. एक बिघडला तर दुसरा हाताशी राहावा, एवढं साधं आहे ते. शिकाऊ पोरालासुद्धा कळतं. परवानगी दिली कुणी?"

"आम्ही," मी म्हणाले.

ते थेट कामाचं बोलले, आणि त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. चारपर्यंत थांबू नका, म्हणाले, पोचल्याबरोबर पट्ट्या काढायला लावा. उजेड दिसतो का पाहा, बोटं मोजता येतात का पाहा. आतला पडदा सुटला असेल तर एकेका तासाने नुकसान वाढतं. बोटं दिसत असतील तर आपण थोडा धीर धरू, नसतील तर तशीच उचलून इकडे आणा, मी शस्त्रक्रियेची खोली अडवून ठेवतो. पण जे असेल ते नेमकं सांगा, अंदाजपंचे नको.

सिग्नलला टॅक्सी थांबली. शेजारच्या गाडीतली बाई आरशात बघून ओठ रंगवत होती, इतक्या सराईतपणे, की मला तिचा राग आला. तिचा काय दोष? राग मला माझा येत होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. उपचाराच्या कार्यपद्धतीला जोडलेलं परिशिष्ट क. त्याचं नावसुद्धा मला आठवत होतं. 'रुग्णांची सोय: लांबून येणाऱ्यांना दुसरी खेप पडू नये म्हणून दोन्ही डोळ्यांना एकाच भेटीत उपचार.' अडीच पानं होती. ती ई-मेलने आमच्याकडे फिरवली गेली, आणि आमचा नियम असा की सात दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर सगळ्यांची संमती धरायची. हा नियम कंपनीने नाही केला. मी केला. दुसऱ्याच बैठकीत. हृदयवाले कधी कुठल्या पत्राला उत्तर द्यायचे नाहीत, त्यांच्या एका 'ठीक' साठी महिना महिना कागद अडून राहायचे, आणि मला अडलेलं काम बघवत नाही, तो माझा जन्माचा स्वभाव. मीच म्हणाले, सात दिवसांचा नियम करून टाका, जो बोलणार नाही त्याचं मत हो. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. आकडेवाले म्हणाले, मॅडम, तुम्ही असता म्हणून कामं होतात. मी घरी आले ती हवेतच.

परिशिष्टाला हरकत कुणाचीच आली नाही. हृदयवाल्यांना वाटलं असणार, डोळ्यांचं आहे, पेशींचं आहे, आपला संबंध काय. आकडेवाल्यांनी आकडे पाहिले असतील, त्यात आकडेच नव्हते. कायदेवाल्यांनी संमतीपत्राची भाषा तपासली असणार. आणि मला वाटलं, डोळेवाले बघतील. ज्या माणसाचं निरोपाचं पत्र मी त्याआधी दोनच महिने स्वतःच्या हाताने लिहिलं तो बघेल असं मला वाटलं! असं नाही की मी विसरले. नसलेल्या माणसाच्या खुर्चीवर मी भार टाकून मोकळी झाले. याहून वाईट म्हणजे परिशिष्टाच्या आधीच्या बैठकीत दोन रुग्णांची नजर इंजेक्शननंतर गेल्याचं समोर आलं होतं. कागदावर लिहिलं होतं, 'आजाराचा नैसर्गिक प्रवास'. मी विचारलं होतं, एकेकाच डोळ्यात दिलं होतं ना? हो म्हणाले. मग बरं, असं म्हणून मी पान उलटलं होतं. मग बरं! त्या दोघांचा दुसरा डोळा शाबूत होता म्हणून आम्हाला चहा गोड लागला.

आणि ते सात दिवस मी होते कुठे? ताईकडेच. मला ताप येऊन गेला होता, तोंडाची चव गेली होती, आणि ताईने दम देऊन आपल्याकडे नेलं होतं. मी तिच्या पलंगावर तिची दुलई ओढून पडले होते, छातीवर लॅपटॉप, आणि खिडकीत ताई. ताई रफू करते. करायची. कुणाच्या कोटाला कसर लागलेली, कुणाच्या शालीला निखाऱ्याचं भोक, ते ती त्याच कापडाच्या शिवणीतला धागा काढून असं विणून टाकायची की गिऱ्हाईक स्वतः भोक शोधत बसायचं. त्याच रफूवर तिने मला शिकवलं, आई गेल्यावर. त्या आठवड्यात तिच्या मांडीवर एक करडा कोट होता आणि नाकासमोर हातभर लांब दांडीचं भिंग. तिच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय त्याला तीन वर्षं झाली. मधलं जातं, कडा राहतात. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण कान दिसतात, खांदे दिसतात, दाराची चौकट दिसते. ती स्वयंपाक करायची, बाजारात जायची, मला चालीवरून लांबून ओळखायची. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधलं आम्ही परत आणू शकत नाही, पण कडा तुम्हाला मरेपर्यंत पुरतील. कडांवर रफू होत नाही एवढीच तिची तक्रार. सुईच्या नेढ्यात धागा ओवायला ती मान वाकडी करून कोंबडीसारखी एका बाजूने बघायची आणि चुकला की स्वतःला शिवी घालायची.

"काय वाचतेयस एवढं?" तिने विचारलं होतं.

"काही नाही गं. कंपनीचं."

"ती तुझी कंपनी डोळ्यांचं पण करते ना? शेजारीण म्हणत होती. चांगलं असतं का ते?"

मी काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, ताई, अजून कुणालाच माहीत नाही, आम्ही शोधतोय, तू त्या वाटेला जाऊ नकोस. ते मला माहीत होतं, अगदी जिभेवर होतं. पण मी अंथरुणात होते, तिच्या हातची पेज पिऊन सुस्तावलेली, आणि कितीतरी दिवसांनी मला कुणीतरी माझ्या कामाबद्दल विचारत होतं. मी म्हणाले, "मी आहे ना तिथे." एवढंच. लॅपटॉप मिटला आणि कूस बदलून झोपले. सातवा दिवस त्याच आठवड्यात येऊन गेला. आत्ता टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून ते वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकत होते आणि माझ्याच आवाजातला तो डौल मला असह्य होत होता. मी आहे ना तिथे. होते कुठे मी?

निवृत्त झाले त्या दिवशी प्रयोगशाळा रिकामी करायला दोन माणसं आली होती. माझा सूक्ष्मदर्शक त्यांनी फडक्यात गुंडाळून नेला आणि टेबलावर त्याच्या पायाचा चौकोन तेवढा स्वच्छ राहिला. पुढचे आठ महिने मी घरात फडताळं लावली. मग माझाच एक विद्यार्थी आला, त्याने कंपनी काढली होती. तो आता तिचा संचालक. "मॅडम, तुम्हाला काही करावं लागणार नाही," तो म्हणाला, "फक्त सल्ला." या वाक्यातला पहिला भाग मी नीट ऐकायला हवा होता. मला दुसरा ऐकू आला. मी त्याच दिवशी जुनी फाइल शोधून काढली, नवीन चष्मा करायला टाकला, आणि ताईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बघ, प्रोफेसरीणबाईंवाचून जगाचं अडतं की नाही!" माझा फोटो काढायला माणूस आला तेव्हा मी पांढरा कोट घातला होता. निवृत्त बाईने पांढरा कोट घालायचं कारण काय? पण घातला.

तोच फोटो समोर होता. टॅक्सीवाल्याने सोडलं, काचेचं दार आपोआप उघडलं, आणि स्वागतकक्षाच्या भिंतीवर आम्ही पाचही जण चौकटीत ओळीने लटकत होतो. डोळेवालेसुद्धा. त्यांना उतरवायचं कुणाला सुचलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'यांच्या मार्गदर्शनाखाली'. टेबलाशी बसलेली बाई वर न बघता म्हणाली, "भेटीची वेळ घेतली आहे का?" मी भिंतीकडे बोट केलं. तिने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि धडपडून उभी राहिली.

ताई दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या खोलीत होती. पलंगावर टेकून बसली होती, दोन्ही डोळ्यांवर पांढऱ्या गोल वाट्या चिकटपट्टीने बसवलेल्या. केस विंचरलेले, चांगली साडी नेसलेली, पट्टी निघायची म्हणून. मी दारात थबकले तर म्हणाली, "आली. पाय घासत चालायची खोड गेली नाही अजून." मी तिचा हात धरला. तो गार होता आणि कपाळ तापलं होतं. तिच्या हाताला उलटीचा वास येत होता. "रात्री दोनदा झाली," ती म्हणाली, "यांनी गोळी दिली. काय गं, गप्प का? चिडलीस? सांगितलं असतं तर तू माझं नाव रांगेत पुढे घुसवलं असतंस, ते मला नको होतं. मी आपली सगळ्यांसारखी आले. फॉर्म त्या बाईंनी वाचून दाखवला, चांगला दहा पानी. मी म्हटलं, सगळं नका वाचू हो, यात माझ्या बहिणीचं नाव आहे का तेवढं बघा. म्हणाल्या, आहे. मग केली सही." ती हसायला गेली आणि ठणक्याने तिचा श्वास अडकला. "आधी तुझं थोबाड. मग तो करडा कोट पुरा करायचाय. त्या माणसाला सांगून ठेवलंय मी."

मी बाहेर येऊन समुपदेशक बाईंना म्हणाले, पट्ट्या आत्ता काढा. त्या गोड हसल्या. चोवीस तास पुरे व्हायला हवेत, मॅडम, चार वाजता. मी म्हणाले, आत्ता. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं. हे डॉक्टर त्वचेचे होते, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. ते म्हणाले, कार्यपद्धतीत चोवीस तास लिहिलंय, आणि त्यांनी कार्यपद्धतीचं पान माझ्यापुढे धरलं, खाली माझंच नाव. मी संचालकाला फोन लावला. "मॅडम, तुम्ही पॅनिक होऊ नका," तो म्हणाला. याला मी पेशी मोजायला शिकवलं होतं. "तुमच्या बहीण आहेत हे आधी कळलं असतं तर आपण खास काळजी घेतली असती."

"म्हणजे बाकीच्यांची घेत नाही?"

"तसं नाही, मॅडम. पण चोवीस तास तुम्हीच मंजूर केलेत. दोन्ही डोळेही. कुणाची हरकत नव्हती."

"आता आहे."

"मॅडम, मुदत केव्हाच..."

मग मी ओरडले. मला ओरडता येतं, विद्यार्थ्यांना विचारा, पण त्या पांढऱ्या बोळात, जिथे मंद संगीत लावलेलं होतं, मी अशी ओरडले की खोल्यांची दारं उघडली आणि डोळ्यांवर वाट्या लावलेली आणखी तीन माणसं चाचपडत उंबऱ्यापाशी आली. तीन. त्यांतल्या दोघांच्या दोन्ही डोळ्यांवर होत्या. एक म्हातारे गृहस्थ विचारत होते, काय झालं, कुणाचं काय झालं, आणि त्यांना सांगायला कुणीही पुढे होत नव्हतं. मी फोनमध्ये म्हणाले, काढायला सांग, नाहीतर मी या सगळ्यांना इथेच उभी राहून सांगते. त्याने डॉक्टरांना फोन द्यायला सांगितलं.

पट्टी काढायची तयारी व्हायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी ताईच्या उशाशी बसले आणि मला सारखं आठवत राहिलं ते माझे डोळे आले होते तेव्हाचं. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरलेले, बश्या कपाटात तयार, रोज मोजल्या नाहीत तर वर्षाची मेहनत पाण्यात, आणि माझे दोन्ही डोळे सुजून चिकटलेले. ताई चार दिवस रफू बाजूला ठेवून माझ्याबरोबर प्रयोगशाळेत आली. तिला मी जाळीची काच दाखवली, केसाहून बारीक रेघांनी आखलेली घरं. निळा रंग टाकला की मेलेली पेशी निळी होते, जिवंत ती लखलखीत राहते. "म्हणजे निळे ते गेले?" तिने विचारलं, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक निळ्या ठिपक्याला ती हळूच "अरेरे" म्हणत होती. मी स्टुलावर डोळ्यांना ओला बोळा लावून बसलेली आणि ती मोजतेय. रफूचा डोळा तो, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने मोजायची. तिला वाटायचं माझा प्रयोग नीट यावा, म्हणून तिसऱ्या दिवशी तिने एका घरात दोनचार जिवंत वाढवून सांगितले. बेरीज ऐकताच मी पकडलं. भयंकर चिडले मी. म्हणाले, ताई, दिसतं तेवढंच सांगायचं. हवं तेवढं नाही. नंतर एक घर आलं ज्यात काहीच नव्हतं, आणि तिने कागदावर ते तसंच सोडलं. रिकामं सोडायचं नाही, मी म्हणाले, शून्य लिहायचं. रिकामं म्हणजे बघितलंच नाही. "बरं बाई," ती म्हणाली, "तुझं शास्त्र म्हणजे सासूबाईच आहे." माझ्या प्रबंधातला सातवा तक्ता तिच्या डोळ्यांचा आहे. आभाराच्या पानावर मी मार्गदर्शकांचं, विभागप्रमुखांचं, ग्रंथपालाचं नाव घातलं. तिचं राहिलं.

डॉक्टरांनी चिकटपट्टी सोडवली. आधी उजवी वाटी, मग डावी. पापण्या सुजल्या होत्या, डाव्याचं पांढरं बुबुळापर्यंत लाल झालं होतं. मी पलंगाच्या पायथ्याशी तिच्या बरोबर समोर उभी होते, तिने सांगितल्याप्रमाणे. तिने दोन्ही डोळे उघडले. मान वाकडी केली नाही. तीन वर्षं कडेने बघायची तिची सवय, पण आत्ता तिने मान सरळ ठेवली होती.

"आता मी बॅटरी दाखवतो," डॉक्टर म्हणाले. "उजेड दिसतोय का?"

"हो की," ताई म्हणाली. "चांगला लख्ख."

डॉक्टरांचा अंगठा अजून बटणावरच होता. बॅटरी लागली नव्हती.

समुपदेशक बाईंनी ते पाहिलं नाही, किंवा पाहिलं. त्यांच्या हातात फळी होती, फळीवर कागद, त्यात 'उजवा' आणि 'डावा' अशी दोन घरं. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता दोन बोटं वर धरली. "किती आहेत?"

ताईने वेळ घेतला. तिच्या कपाळावर तीच आठी आली, सुईत धागा ओवतानाची. "तीन," ती म्हणाली.

"छान!" समुपदेशक बाई म्हणाल्या. "म्हणजे आकार दिसायला लागलेत. पहिल्या दिवशी थोडं इकडेतिकडे होतंच." आणि त्यांचं पेन उजव्या घराकडे निघालं.

ताईचा चेहरा उजळला. खरंच उजळला. मला तेव्हा समजलं की ती हे कुणासाठी करतेय. तिला कळलं होतं. रात्रीच कळलं असेल, वाटीच्या कडेने येणारी खोलीतल्या दिव्याची रेघ दिसेनाशी झाली तेव्हा. आणि तिने ठरवलं होतं की धाकटीच्या कंपनीची लाज जाऊ द्यायची नाही. मी केव्हाच पायथ्यापासून निघून तिच्या उशाशी गेले होते, या वेळी पाय न घासता, आवाज न होऊ देता. ती माझ्या मघाच्या, आता रिकाम्या जागेकडे बघून लाडात म्हणाली, "अगं बाई, केवढी पिकलीस गं ठके! कलप तरी लाव."

सगळे माझ्याकडे बघत होते, डॉक्टर, समुपदेशक बाई, दारात फोन धरून उभा असलेला कुणीतरी, आणि एकाच्याही चेहऱ्यावर असं नव्हतं की मी बोलावं. गप्प बसले असते तर चाललं असतं. कागदावर 'बोटे मोजता येतात' असं आलं असतं, ताई खुशीत घरी गेली असती, डोळेवाल्यांनी खोली सोडून दिली असती. दोनचार दिवस तरी ती आणि मी, दोघीही, तीन बोटांवर जगलो असतो. मला ते हवं होतं. देवाशपथ सांगते, ते इतकं हवं होतं की माझे दात दातांवर बसले.

"ताई," मी तिच्या कानाशी म्हणाले, आणि ती दचकून आवाजाकडे वळली, चुकीच्या अंतरावर. "ताई, दिसतं तेवढंच."

तिचा चेहरा आधी तसाच राहिला. मग तिचे हात चादरीवर चाचपडायला लागले, बोटांची दोन टोकं एकमेकांवर घासत, जमिनीवर पडलेली सुई शोधताना करायची तसे. मी माझा हात त्यांत दिला. तिने तो इतका घट्ट दाबला की माझी अंगठी रुतली.

"तू रागावशील," ती म्हणाली.

"नाही रागावणार."

"मग शून्य लिही," ताई म्हणाली. "दोन्ही घरांत. रिकामं नको सोडूस."

मी समुपदेशक बाईंच्या हातातून फळी घेतली. उजव्या घरात लिहिलं, डाव्या घरात लिहिलं, खाली सही केली, आणि तिच्या चपला शोधायला पलंगाखाली वाकले.